रोगी अपराधी आहे काय?

मनुष्यावर रोगाचा घाला पडला म्हणजे वैद्यास बोलावण्याच्या आधींच त्याच्या मनांत, आणि त्याच्या आप्तेष्टांच्याही मनांत, एक प्रश्न उभा राहतो: "हें ह्यालाच कां झालें?" ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक काळानें आपापल्या परीनें दिलें आहे. आमच्या पूर्वजांपाशीं कर्मविपाकाचें शास्त्र होतें. अमुक पाप केल्यास पुढील जन्मीं अमुक रोग, आणि त्यास अमुक प्रायश्चित्त, अशा याद्या त्या ग्रंथांतून पद्धतशीर दिलेल्या आढळतात. आज त्या याद्या सुशिक्षित घरांतून कोणी उघडीत नाहीं, आणि उघडल्याच तर हंसण्यासाठीं उघडील. परंतु ती विचार करण्याची रीत गेली, असें मात्र म्हणवत नाहीं. पूर्वजन्माच्या जागीं आतां आहारविहार आला आहे, आणि पापाच्या जागीं वजन. रोग्याच्या उशाशीं बसून त्याच्या आयुष्याचा जमाखर्च तपासण्याची आमची हौस पूर्वीइतकीच ताजी आहे.

ज्या रोगामुळें हा प्रश्न सध्यां आमच्या मनांत घोळत आहे, तो मोठ्या आंतड्याचा कर्करोग होय. आम्ही राहतों तें गोखिवरें गांव वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या बाजूस आहे. एके काळीं भातशेतीचें असलेलें हें गांव 2009 सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हां तिच्या हद्दींत आलें. आज तेथें कारखान्यांचे गाळे, चाळी आणि उंच इमारती एकमेकांस खेटून उभ्या आहेत. अशा ठिकाणीं शेजाऱ्याचा आजार झांकून राहत नाहीं. ह्या रोगानें कोणी अंथरुणास खिळला म्हणजे समाचारास जाणारांच्या तोंडून दोन वाक्यें हटकून ऐकूं येतात. रोगी अंगानें भरलेला असला तर, "थोडें अंग आवरतें ठेवलें असतें, तर ही वेळ आली नसती"; आणि तो सडपातळ असला तर, "ह्याला कसा हो झाला? हा तर किती मोजकें खात असे!" पहिल्या वाक्यांत निवाडा आहे, दुसऱ्यांत आश्चर्य आहे, पण दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत आहे, कीं हा रोग म्हणजे जाड माणसास मिळालेली शिक्षा होय. ही समजूत कितपत खरी, आणि ती खरी मानून वागण्याचा आम्हांस कितपत अधिकार, ह्या दोन गोष्टींचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम शास्त्राची बाजू प्रामाणिकपणें मांडली पाहिजे; कारण दयेपोटीं सत्य लपविणें हेंही नीतीस धरून नाहीं. फ्रान्समधील लिऑन शहरीं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. शरीराचें वजन वाढूं न दिल्यास मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, असा निष्कर्ष तिनें 2002 सालींच काढला होता. 2016 सालीं पुन्हा सर्व पुरावा तपासून ज्या 13 प्रकारच्या कर्करोगांशीं अतिरिक्त मेदाचा संबंध तिनें निश्चित मानला, त्यांत मोठें आंतडें व गुदाशय ह्यांचा समावेश आहे. मध्यंतरीं 2014 सालीं ब्रिटनमधील पन्नास लाखांहून अधिक लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासून एक पाहणी प्रसिद्ध झाली. तींतही वजनाबरोबर ह्या रोगाचें प्रमाण चढत जातें, असेंच दिसून आलें. हा संबंध स्त्रियांपेक्षां पुरुषांत अधिक ठळक आहे, आणि गुदाशयापेक्षां त्याच्या वरच्या आंतड्याच्या बाबतींत अधिक ठळक आहे. कमरेचा घेर वाढणें हें तर विशेष अनिष्ट, असें पुष्कळ अभ्यासांवरून दिसतें.

असें कां व्हावें, ह्याचा उलगडाही बऱ्याच अंशीं झालेला आहे. मेद म्हणजे शरीराच्या कोठारांत निपचित पडलेलें तूप नव्हे. तो एक काम करणारा अवयवच आहे. विशेषतः पोटांत, आंतड्यांच्या भोंवतीं सांठणारा मेद रक्तांत नाना प्रकारचीं द्रव्यें सोडीत असतो. त्यांच्यामुळें शरीरांत सौम्य पण कायमचा दाह राहतो. आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावल्यामुळें शरीर तें अधिकाधिक प्रमाणांत स्रवूं लागतें. इन्सुलिन व त्याच्या जातीचीं इतर संप्रेरकें पेशींस वाढण्यास प्रवृत्त करतात, आणि ज्या पेशींनीं वेळेवर मरावयाचें त्यांचें मरण लांबवितात. आंतड्याचें आंतील अस्तर दर थोड्या दिवसांनीं नवें होत असतें. जेथें पेशींची अशी अखंड उलाढाल चालते, तेथें ही चिथावणी घातक ठरते. प्रथम एक लहानसा मांसांकुर उगवतो. डॉक्टर त्यास पॉलिप म्हणतात. बहुतेक अंकुर निरुपद्रवी राहतात. एखाद्याचा कर्करोग होतो, आणि त्यासही सामान्यतः दहा वर्षें किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

येथपर्यंत वाद घालण्यास फारशी जागा नाहीं. खरा प्रश्न पुढेंच आहे. धोका वाढतो म्हणजे किती वाढतो? लिऑनच्या संस्थेच्या हिशेबानें लठ्ठ व्यक्तींत ह्या रोगाचें प्रमाण बेताच्या वजनाच्या व्यक्तींपेक्षां सुमारे शेकडा 30 नीं अधिक असतें. हा आंकडा ऐकतांना भयंकर वाटतो. पण तो कशाच्या शेकडा 30, हें विचारल्याविना त्याचा अर्थ लागत नाहीं. जगांत 2022 सालीं ह्या रोगाचे 19 लाखांहून अधिक नवे रोगी आढळले व सुमारे 9 लाख माणसें दगावलीं. त्यांत भारताचा वांटा सुमारे 70 हजार नव्या रोग्यांचा. वयोमानाचा फरक काढून टाकला तर आपल्याकडे दर लाखामागें वर्षास पांचांच्या आसपास माणसांस हा रोग होतो; युरोपांतील कित्येक देशांत हाच आंकडा तिसांच्या वर आहे. म्हणजे पंचाहत्तरीपर्यंतच्या आयुष्यांत दोन हजार भारतीयांपैकीं सुमारे दहांस तो गांठतो. आतां बेताच्या वजनाचीं दोन हजार माणसें एका बाजूस व लठ्ठ अशीं दोन हजार दुसऱ्या बाजूस उभीं केलीं, आणि वरचें प्रमाण आपल्याकडेही तसेंच लागू धरलें, तर पहिल्या बाजूस दहा रोगी निघतील आणि दुसऱ्या बाजूस तेरा.

हे तेरा जण वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावे. तेराही अंगानें स्थूल, तेराही एकाच रोगानें ग्रस्त. समाचारास जाणारा गृहस्थ तेरांनाही तेंच वाक्य ऐकवील. पण ह्या हिशेबाप्रमाणें त्यांतील दहा जण सडपातळ असते तरीही आजारी पडलेच असते. वजनाच्या खात्यावर फार तर तिघांचा रोग मांडतां येईल. ते तिघे कोणते, हें कोणत्याही तपासणीनें सांगतां येत नाहीं. गांठीवर तिच्या कारणाचें नांव लिहिलेलें नसतें. तेव्हां त्या तेरांपैकीं कोणाही एकास "तूं हें स्वतःच्या हातानें ओढवून घेतलेंस" असें म्हणणारा मनुष्य बहुतेक वेळां शास्त्राच्याच हिशेबानें चुकत असतो. शिवाय दुसऱ्या बाजूच्या ज्या 1,987 माणसांस हा रोग झालाच नाहीं, त्यांनींही तेंच खाल्लें आणि तसेंच बसून दिवस काढले; त्यांस आम्ही निर्दोष ठरवितों तें कोणत्या न्यायानें? समान वर्तनास असमान फळ मिळालें म्हणजे एरवीं आम्ही त्यास दैव म्हणतों. रोग्याच्या बाबतींत मात्र त्यासच दोष म्हणतों.

ह्या घोटाळ्याचें मूळ लंडनचे रोगप्रसारशास्त्रज्ञ जेफ्री रोझ ह्यांनीं 1985 सालीं एका निबंधांत नेमकें दाखविलें आहे. ह्या माणसास हा रोग कां झाला, हा एक प्रश्न. आणि ह्या समाजांत हा रोग इतका कां आढळतो, हा दुसरा. दोन्ही प्रश्न सारखे दिसतात, पण एकाचें उत्तर दुसऱ्यास लावतां येत नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतच ह्याचें उदाहरण आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीनें 1963 सालीं मुंबईंत कर्करोगाच्या नोंदणीचें काम सुरू केलें; शहरांतील प्रत्येक रोग्याची नोंद ठेवण्याचा देशांतील तो पहिलाच उपक्रम. 1987 सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें ग्रामीण भागासाठीं तशीच नोंदणी सुरू झाली. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचें प्रमाण मुंबईच्या नोंदींत बार्शीपेक्षां अधिक आढळतें. ह्यावरून मुंबईचा मनुष्य बार्शीच्या मनुष्यापेक्षां अधिक अविवेकी किंवा अधिक जिभेचा लोलुप आहे, असें कोणी म्हणेल काय? म्हणावयाचें तें इतकेंच, कीं मुंबईच्या राहणींत कांहीं तरी असें आहे जें बार्शीच्या राहणींत तितकें नाहीं. वजनाचा आंकडा हा मुख्यतः ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या कामाचा आहे.

बरें, समाजाच्या बाबतींतही हा संबंध सरळ रेषेचा नाहीं. अमेरिकेंत गेल्या कित्येक दशकांत लोकांचीं वजनें सारखीं वाढत गेलीं. तरी 1980 नंतरच्या दशकाच्या मध्यापासून तेथें ह्या रोगाचें एकंदर प्रमाण उतरत आलें आहे. दुर्बिणीनें आंतडें तपासून मांसांकुर वेळींच काढून टाकण्याची चाल तेथें पडली, हें त्याचें एक मोठें कारण. उलट पन्नाशीच्या आंतील लोकांत तेथें तो वाढत आहे, म्हणून 2021 सालीं तपासणीचें वय पंचेचाळिसावर आणण्याची शिफारस झाली. आपल्याकडे परळच्या टाटा रुग्णालयांत, जें 1941 सालीं सुरू झालें, अशा 800 रोग्यांचा अभ्यास करून 2017 सालीं तेथील डॉक्टरांनीं जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यांत रोग्यांचें सरासरी वय अवघें सत्तेचाळीस वर्षें आढळलें. आमच्या देशांत तरुणांची संख्याच मोठी, हें त्याचें एक कारण असेल. पण हा रोग खाऊन-पिऊन सुखी झालेल्या म्हाताऱ्यांचाच आहे, ही समजूत त्यामुळें टिकत नाहीं.

वजनाचा कांटाही आम्ही समजतों तितका सत्यवादी नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघां सहकाऱ्यांनीं 2004 सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत स्वतःचींच शरीरें उदाहरण म्हणून मांडलीं. उंचीच्या मानानें वजन काढण्याचें जें गणित आहे, त्याप्रमाणें दोघांचाही अंक 22.3, म्हणजे युरोपीय मापानें अगदीं बेताचा. पण अंगांतील मेद मोजला तेव्हां युडकिन ह्यांच्या देहांत तो शेकडा 9.1 निघाला आणि याज्ञिक ह्यांच्या देहांत शेकडा 21.2. ज्यास आम्ही सडपातळ म्हणतों, त्याच्याही पोटांत मेद दडून असूं शकतो, हें ह्यावरून स्पष्ट झालें. 2019 ते 2021 ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील सुमारे शेकडा 40 स्त्रियांच्या व शेकडा 12 पुरुषांच्या कमरेचा घेर प्रमाणाबाहेर आढळला. ह्यांतील कित्येकांस आरशापुढें आपण लठ्ठ आहों असें वाटतही नसेल.

याज्ञिक ह्यांचें संशोधन इतक्यावर थांबलें नाहीं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांची व अर्भकांची जी पाहणी 1993 सालीं सुरू झाली, तींत असें दिसून आलें कीं, तेथील अर्भकांचें सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, म्हणजे इंग्लंडमधील अर्भकांपेक्षां बरेंच कमी. परंतु ही तूट स्नायूंत व पोटांतील अवयवांत आढळली, मेद त्या मानानें शाबूत होता. गर्भांत असतांना ज्या जीवास अपुरें पोषण मिळालें, तो पुढील आयुष्यांत मेद जपून ठेवण्याच्या वळणाचा होतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. हें संशोधन मुख्यतः मधुमेहासंबंधीं आहे. तरी पोटांतला मेद तोच, आणि इन्सुलिनही तेंच, म्हणून आमच्या प्रश्नासही त्याचा स्पर्श होतो.

आणि येथें आमच्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढें येतो. 1992-93 सालीं जव्हार तालुक्यांत वावर-वांगणी भागांत कुपोषणामुळें बालकें मरण पावलीं, आणि साऱ्या महाराष्ट्रास हळहळ वाटली. जव्हार, मोखाडा व वसई हे तालुके त्या वेळीं एकाच ठाणें जिल्ह्यांत होते, आणि 2014 सालीं पालघर जिल्हा वेगळा झाल्यावरही ते एकाच जिल्ह्यांत राहिले. एका टोंकास पोट खपाटीस गेलेलीं मुलें, आणि दुसऱ्या टोंकास पोट आवरण्यासाठीं व्यायामशाळेची वर्गणी भरणारे गृहस्थ. हीं दोन निरनिराळीं जगें आहेत, असें आम्ही मानीत आलों. परंतु गोखिवऱ्याच्या चाळींतून जीं कुटुंबें आज नांदत आहेत, त्यांतील किती तरी कोरडवाहू मुलखांतून पोटासाठीं इकडे आलेलीं आहेत. वरील सिद्धांत खरा असेल, तर नातवाच्या वाढलेल्या कमरेंत आजीच्या उपासाचाही अंश असावयाचा. मग दोष कोणाच्या नांवावर मांडावा? नातवाच्या, आजीच्या, कीं तिला उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या?

स्थूल देहाची निंदा ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत 'अष्टौनिंदितीय' नांवाचा एक अध्यायच आहे. लोकांनीं निंद्य मानलेले आठ प्रकारचे देह त्यांत सांगितले आहेत: अति उंच, अति ठेंगणा, अति केसाळ, केसविरहित, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश. ही यादी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. उंची किंवा वर्ण कोणी आपण होऊन निवडीत नाहीं. तरी त्यांच्याच पंक्तीस स्थूलता बसविलेली आहे. स्थौल्याचीं कारणें देतांना गुरु व मधुर अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप ह्यांबरोबर बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृति, हेंही कारण ग्रंथकार सांगतो. आणि आठांतील पहिले सहा बाजूस ठेवून स्थूल व कृश ह्या दोघांचाच तो विस्तारानें विचार करितो. कारण त्यांच्यासाठीं वैद्यास कांहीं करण्याजोगें आहे. लोक निंदा करोत. वैद्याचें लक्ष उपायाकडे आहे.

आमच्या समाजाची निंदा तर दुतोंडी आहे. लहान मूल गुबगुबीत असलें म्हणजे त्यानें बाळसें धरलें. लग्नानंतर मुलगी भरली म्हणजे तिला सासर मानवलें. मनुष्य स्थूल असला म्हणजे तो खात्यापित्या घरचा. पंक्तींत पानावर हात आडवा धरला तरी जिलबी वाढल्याशिवाय यजमानीणबाईंस समाधान नाहीं, आणि नको म्हणणारा माणूस आमच्या दृष्टीनें रुसलेला तरी असतो किंवा आजारी तरी. चाळीस वर्षें ज्या हातानें आग्रह केला, तोच हात एकेचाळिसाव्या वर्षीं रोग्याच्या पोटाकडे बोट दाखवितो! निवाडा देणारांनीं आपलेंही नांव साक्षीदारांत नव्हे तर सहआरोपींत शोधावें, इतका तरी न्याय ह्यांत असावयास हवा.

"मग कोणीच जबाबदार नाहीं काय?" हा प्रश्न वर्गांत काढला कीं एखादा चलाख विद्यार्थी लगेच विचारतो, आणि तो रास्तच आहे. दहांचे तेरा होतात हें जर खरें, तर ते तीन जीव वांचविण्यासारखे आहेत. आणि आमच्या देशाची लोकसंख्या पाहतां ह्या तिघांचे हजारों होतात. दैव म्हणून हात जोडून बसणें हा विचार नव्हे, आळस होय. परंतु जबाबदारी ह्या एकाच शब्दांत आम्ही दोन अगदीं वेगळे अर्थ कोंबतों. एक अर्थ मागें पाहतो: जें झालें तें कोणामुळें? दुसरा पुढें पाहतो: जें होऊं नये त्यासाठीं कोणीं काय करावें? 2018 च्या जुलै महिन्यांत वसईंत पाणी भरलें, आगगाड्या बंद पडल्या, तळमजल्यावरचे संसार भिजले. त्या चिखलांत उभ्या असलेल्या शेजाऱ्यास, "उंबरा उंच केला असतास तर?" असें कोणीं विचारलें असतें, तर तें निर्दयपणाचें झालें असतें, आणि बहुतेक ठिकाणीं खोटेंही, कारण पाणी उंबऱ्याच्या कितीतरी वर होतें. पण पाणी ओसरल्यावर पुढच्या पावसाळ्यापूर्वीं उंबरे उंच करणें, नाले मोकळे करणें, हें कोणी अनावश्यक म्हणणार नाहीं. दोष आणि कर्तव्य ह्यांत असाच भेद आहे.

कर्तव्याचें माप सर्वांस सारखें नसतें. ज्याच्या हातीं जितकी शक्ति, तितकें त्याचें कर्तव्य. पहांटे वसई रोडची गाडी पकडून पन्नास किलोमीटरांवर चर्चगेटकडे जाणारा कारकून रात्रीं घरीं येतो, तेव्हां त्याला फिरावयास जाण्याचा उपदेश करणें सोपें आहे. पण त्यानें कोणत्या वेळीं फिरावें, आणि पायवाट मोकळी नसलेल्या कोणत्या रस्त्यावरून फिरावें, हेंही सांगितलें पाहिजे. भूक लागली असतां स्थानकाबाहेर जें स्वस्त व गरम मिळतें, तें बहुधा तळलेलें असतें. त्याच्या मेदांत त्याचा वांटा आहे, नाहीं असें नव्हे. पण नगररचना करणारे, मैदानें बुजवूं देणारे, कामाचे तास ठरविणारे, आणि गोड पेयांच्या जाहिराती मुलांच्या डोळ्यांपुढें नाचविणारे, ह्यांचाही वांटा आहे. उलट ज्यांस सवड आहे, ज्यांस निवड करतां येते, ज्यांच्या घरीं फळें येतात आणि ज्यांस हें सारें वाचून समजतें, अशा आमच्यासारख्या पांढरपेशा कुटुंबांवर स्वतःपुरती जबाबदारी सर्वांत अधिक पडते. व्यवहारांत मात्र ज्याला निवड कमी, त्यालाच उपदेश अधिक मिळतो.

ह्या सर्व चर्चेचें एक अगदीं व्यावहारिक टोंक आहे, आणि तें जीवनमरणाचें आहे. हा रोग लवकर ओळखला तर बहुतेक वेळां बरा होतो. उशीर झाला तर क्वचित्. शौचावाटे रक्त जाणें, शौचाच्या नित्याच्या संवयींत कांहीं आठवडे टिकणारा बदल, कारण नसतां येणारा अशक्तपणा, कारण नसतां उतरणारें वजन, हीं त्याचीं चिन्हें. आमच्याकडे पहिलें चिन्ह मूळव्याधीच्या खात्यावर टाकून घरगुती औषधांत महिने जातात. आणि शेवटचें चिन्ह दिसलें तर लोक अभिनंदन करतात! "छान उतरलांत हो, काय उपाय केलात?" असें म्हणणाऱ्या स्नेह्यास ठाऊक नसतें, कीं जें त्याला यश वाटतें तें कदाचित् संकट असेल. सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमांत तोंड, स्तन व गर्भाशयमुख ह्यांच्या कर्करोगांची तपासणी आहे. मोठ्या आंतड्याची नाहीं. म्हणजे आपल्या देशांत ह्या रोगाची वर्दी बहुधा रोग्यालाच स्वतःच्या तोंडानें द्यावी लागते. आणि ज्याला तोंड उघडतांच दूषणें ऐकावीं लागतील अशी भीति आहे, तो तोंड उघडीत नाहीं. आधींच ह्या अवयवाविषयीं बोलण्याची लाज. तींत देहाविषयींची लाज मिळाली, म्हणजे डॉक्टरकडे जाणें सहा महिने पुढें जातें. दूषण देणाराचा हेतु कितीही चांगला असो, त्याच्या वाक्यानें मांसांकुर लहान होत नाहीं; तपासणीचा दिवस मात्र लांबतो.

म्हणून वजनाविषयीं बोलूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. बोलावें, आणि स्पष्ट बोलावें. डॉक्टरानें संकोच न धरतां सांगावें, पत्नीनें पतीस व मुलानें बापास सांगावें. मात्र तें रोग येण्यापूर्वीं सांगावें, आणि ज्याला सांगावयाचें त्याच्याबरोबर चार पावलें चालण्याची तयारी ठेवून सांगावें. ह्या ज्ञानाची खरी जागा स्वयंपाकघरांत आहे, जेथें तेलाची पळी एकदां कमी घालतां येते. पंक्तींत आहे, जेथें आग्रह एकदांच करून थांबतां येतें. शाळेच्या मैदानावर आहे, आणि महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत आहे. रोग जडल्यावर पुढें काय खावें व किती हिंडावें, हें सांगण्यास डॉक्टर समर्थ आहे. आप्तेष्टांसाठीं त्या वेळीं दुसरीं कामें उरतात. परळला जाण्यासाठीं पहांटेची गाडी गांठावयाची असते, रांगेंत कोणीतरी उभें राहावयाचें असतें, औषधांचे पैसे उभे करावयाचे असतात, आणि रात्रीं जागावयाचें असतें. हीं कामें करणाराला रोग्याच्या मागील आयुष्याचा हिशेब विचारण्यास फुरसत मिळत नाहीं, आणि रोग्यालाही तो मागितला जात नाहीं, ह्याचाच आधार वाटतो.